खोक्याची उघडाई

“जानराव, हे आयकून तू मले खोटारडा म्हनशील,” शेषराव बाजेवरून पाय खाली सोडत म्हणाला. “म्हन बाप्पा. आजपर्यंत जेवढ्यायले सांगतलं तेवढे सारेच म्हनले. पन देवीदासशेठच्या दुकानातून सहाशे रुपयाची कोरी फटफटी पाचशे तेरा रुपयात घरी आननारा मानूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आन थो तुह्यापुढं बसून हाय.”

नांदगाव पेठेच्या त्या मळ्यात हिवाळ्याचं ऊन नुकतंच आवारात उतरलं होतं. वांग्यांच्या वाफ्यांवरचं दव वाळायचं होतं आणि ओल्या काळ्या मातीचा वास गुरांच्या कोठ्यापर्यंत येत होता. कोठ्याच्या भिंतीला टेकून फटफटी उभी होती. तिच्या बाजूला एक माणूस बसेल एवढा पत्र्याचा डबा जोडलेला. लढाई सुरू झाली, पेट्रोल चिठ्ठीवर मिळायला लागलं आणि शेषरावच्या वाट्याला महिन्याला जेवढं येई तेवढ्यात फटफटी नुसती खोकून गप्प बसे. शेवटी त्यानं तिच्यावर गोणपाट टाकलं. गोणपाटाखालच्या डब्यात कोंबड्यांनी संसार मांडला.

जानराव आला होता तेल्हाऱ्याहून. अकोल्यापर्यंत मोटारीनं, तिथून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं, पुढं टांग्यानं. त्याला पिठाची चक्की टाकायची होती, आणि लढाईच्या दिवसांत इंजिन कुठं मिळत नव्हतं. कोणीतरी सांगितलं, नांदगाव पेठेच्या शेषरावकडं फटफटी सडत पडली आहे. इंजिन काढून घ्यावं, बाकीचं लोखंड लोहाराला द्यावं, असा त्याचा बेत.

“दोनशे देतो,” जानराव म्हणाला होता.

“साडेतीनशे,” शेषराव म्हणाला होता. “वरून गोनपाट काढाई दोन रुपये, कोंबडी उठवाई तीन, आन कोठ्याच्या भिंतीचा टेका घेऊन तीन वर्सं उभी हाय, त्याचं भाडं.”

“कोंबडी उठवाई?”

“मंग. खुडूक कोंबडी हाय डब्यात. बारा अंड्यावर बसून राहिली. तिले उठवून मी तुले इंजिन दाखवलं. आता ती पुन्हा बसली तं बसली, नाई तं बारा पिल्लं गेले.”

“हे कोनतं शास्तर काढलं भाऊ?”

“माहं नाई. देवीदासशेठचं.” आणि मग ती गोष्ट निघाली.

शेजारचा नत्थुजी पायरीवर बसून तंबाखू चोळत होता. त्यानं ही गोष्ट चाळीस वेळा ऐकली होती आणि प्रत्येक वेळी ती थोडी वाढलेली असे, म्हणून तो पुन्हा ऐकायला आला होता. जरा पलीकडे, त्यांच्याकडं पाठ करून, शेषरावची बायको मनकर्णाबाई उद्याच्या बाजारासाठी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसली होती. केळीच्या सोपाची एक दोरी, एक वेढा, एक गाठ, की जुडी पाण्याच्या टोपल्यात. तिचं या गोष्टीकडं लक्ष नव्हतं, असं तिच्या पाठीवरून तरी वाटत होतं.

तर गोष्ट बारा वर्षांमागची.

शेषराव तेव्हा पंचेचाळिशीत होता आणि त्याचा सांभार पंचक्रोशीत पहिल्या नंबरचा होता. पण अमरावतीच्या इतवारा बाजारात पोचेपर्यंत तो मान टाकायचा. शहराला चिकटलेल्या मळ्यांचा माल डोक्यावर येई आणि उजाडताच विकून जाई. शेषरावची बैलबंडी पोचायची तेव्हा गिऱ्हाईक घरी जाऊन भाजी फोडणीला घालून मोकळं झालेलं असे. तशात एक दिवस सडकेवर एका ओवरसियर साहेबाची फटफटी त्याच्या बंडीला वळसा घालून पुढं गेली. बैल बुजले, सांभाराची दोन डाली नालीत गेली, आणि शेषराव नालीत उभा राहून सांभार गोळा करायचा सोडून त्या धुराकडं बघत राहिला. त्याच संध्याकाळी त्यानं घरी जाहीर केलं की त्याला फटफटी पाहिजे. बाजूला डबा असलेली. डब्यात सहा डाली बसतील.

पैसे होते मनकर्णाबाईकडं. शेताच्या धुऱ्याकडेची शेवंती तिची, झेंडू तिचा, आणि त्या फुलांचा पैसा तुरीच्या कोठीत तळाला ठेवलेल्या मडक्यात. मडकं तिनं आठ दिवस काही काढलं नाही. नवव्या दिवशी काढलं.

“शेठनं किती सांगतले?”

“सहाशे. पाटीवर लिवलंच हाय.”

“मंग आयका. हे सहाशे हायत. यायच्यावर एक रुपया गेला तं फटफटी माही. तुमी चालवजा, पन मले पुसून. बाजारात न्यायची तं पुसून, नत्थुजीले डब्यात बसवायचं तं पुसून.”

“आन सहाशात आली तं?”

“तं तुमची. मी डब्यात बसून बाजारात येईन आन वाटेनं तोंडातून शबुद काढनार नाई.”

पंचवीस वर्षांच्या संसारात शेषरावला एवढी मोठी कबुली कधी मिळाली नव्हती. त्यानं सहाशे रुपये कमरेला बांधले, लग्नात सासऱ्यानं घातलेला तीन तोळ्यांचा गोफ गळ्यात घातला, कारण एवढ्या मोठ्या दुकानात मोकळ्या गळ्यानं जाणं बरं दिसत नाही, आणि तो पहाटेच्या टांग्यानं निघाला.

“मी येतो म्हनलो होतो,” नत्थुजी पायरीवरून म्हणाला. “मले नेलं नाई.”

“तू असता तं शेठले आधी तूच दोन रुपये उसने मांगतले असते,” शेषराव म्हणाला. “आयक आता.”

देवीदासशेठची दोन कामं होती. एक इतवाऱ्यात भाजीफळांची अडत. शेषरावचा माल दर आठवड्याला तिथंच उतरायचा. दुसरं हे नवं दुकान, जिथं सायकली, शिलाई मशिनी आणि वर्षातून दोन-तीन फटफट्या विकल्या जात. फटफटी दुकानात उभी नव्हतीच. ती मुंबईहून आलेल्या लाकडी खोक्यात होती, गवताच्या गादीवर निजलेली, चाकं वेगळी, मूठ वेगळी, डबा वेगळा. खोक्याच्या फटीतून शेषरावनं डोळा लावून पाहिलं तर आतून तिची काळी टाकी चमकली. तो तिथंच निम्मा विकत घेतला गेला.

“या पाटील, बसा,” शेठ म्हणाला. “पाटी वाचली ना? सहाशे. एक दाम.”

“वाचली. काढा भाईर.”

शेठनं कागद ओढला आणि लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता तो बोलत होता, जसा भटजी मंत्र म्हणतो तसा, वर न बघता. “मुंबईपासून रेल्वेभाडं बावीस. नाक्यावरची जकात अकरा. खोका उघडाई पाच. तीन महिने दुकानात ठेवली, त्या जागेचं भाडं सात. जोडून उभी करायची, म्हणजे फिटिंग, तीस. तेलपाणी चार. नंबर रंगवून देणं पाच. आणि चालवायला शिकवणं तीन. सत्त्याऐंशी.”

शेषराव शांत होता. तो घाबरला नाही, रागावला नाही. त्याला या सगळ्यात काही वावगं दिसलंच नाही. आयुष्यभर इतवाऱ्यात माल उतरवलेला माणूस. तिथं वांगं विकलं की पट्टीवर, म्हणजे हिशेबाच्या चिठ्ठीवर, आधी अडत कापली जाते, मग हमाली, तोलाई, धर्मादाय, सांभारावर पाणी मारलं त्याची शिंपडाई, आणि हे सगळं कापून जे उरतं ते विकणाऱ्याच्या हातावर. जो विकतो त्याचं कापतात. दुनियेत बाजार असाच चालतो, आणि तो दुसरीकडं वेगळा कसा चालेल. त्यानं मनातल्या मनात सहाशातून सत्त्याऐंशी वजा केले, कमरेची पिशवी सोडली, आणि गादीवर पाचशे तेरा रुपये मोजून ठेवले.

“हे काय?” शेठ म्हणाला.

“तुमची पट्टी. सहाशेचा माल, सत्त्याऐंशी कापले, हाती पाचशे तेरा. मोजून घ्या.”

शेठ हसला. मग शेषराव हसत नाही हे पाहून थांबला. “पाटील, हे तुमच्याकडून घ्यायचे असतात. सहाशे अधिक सत्त्याऐंशी.”

“काहून?”

“काहून म्हणजे? खर्च आहे.”

“खर्च हाय थे मले समजते. कोनाचा हाय थे सांगा. फटफटी कोन इकून राहिलं?”

“मी.”

“मंग झालं. इकनाऱ्याचं कापतेत.”

“कोण म्हणतं?”

शेषरावनं कोटाच्या खिशातून एक चुरगळलेला कागद काढला आणि शेठच्या कागदाशेजारी ठेवला. मागच्या आठवड्याची पट्टी. वांगी दोन डाली, सांभार एक डालं, एकूण चार रुपये दोन आणे. खाली सगळी कापाकापी. शेवटी शेतकऱ्यास दिले रुपये तीन आणे सहा.

“हे अक्षर वळखीचं हाय का शेठ?”

शेठनं चष्मा पुसला. अक्षर त्याचंच होतं. दोन्ही कागदांवरचं.

“सांभारावर तुमच्या मानसानं पानी मारलं. डालं माहं, सांभार माहा, पानी इहिरीचं. शिंपडाई कोनाची कापली?”

“तुमची.”

“खोका तुमचा. उघडाई कोनाची?”

शेठ पुन्हा चष्मा पुसायला लागला. उत्तर दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या दोघांनी दिलं. तेही इतवाऱ्यातून माल उतरवून परत चालले होते आणि बोलणं ऐकून थांबले होते. एकानं आपल्या फेट्यातून पट्टी काढली, दुसऱ्यानं कमरेतून. मग आणखी चार आले. मग वलगावची माणसं आली, मग शिराळ्याची, मग आख्खा इतवारा उठून दुकानापुढं आला. दीडशे माणसं, प्रत्येकाच्या हातात एक पट्टी. त्या दिवशी अमरावतीत वांगं विकायला माणूस उरला नाही आणि घरोघरी लोकांनी वरणावर भागवलं.

“मागच्या खेपेले चाळीस मानसं होते,” नत्थुजी म्हणाला.

“तवा मी नीट मोजले नोते,” शेषराव म्हणाला. “मधात बोलू नको.”

जानरावनं विचारलं, “मंग शेठनं काय केलं?”

काय करणार? घामानं त्याची टोपी भिजली. त्यानं पाचशे तेरा मोजून घेतले, पुन्हा मोजले आणि तिजोरीत टाकले. पण माणूस बेरकी. म्हणाला, “ठीक आहे पाटील. पण मग मिस्त्री माझा नाही. हा खोका घ्या आणि तुम्हीच जोडा. संध्याकाळी दुकान बंद होते.”

आता फटफटी जोडणं म्हणजे काही नांगराला फाळ बसवणं नव्हे. पण शेषरावनं कोट काढून गजाला टांगला. त्यानं खोक्याच्या फळ्या हातानं उपटल्या. दीडशे माणसांनी गवत बाजूला केलं. मूठ कुठं, चाक कुठं, साखळी कुठल्या दातावर, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण ज्यानं मोटेचं चाक डोळे मिटून बसवलं आहे त्याला चाकाचं मन कळतं. बंडीच्या आखाला लावतात ते काळं वंगण एकानं आणून दिलं. उन्हं कलायच्या आत फटफटी उभी राहिली. तीन नट, एक स्प्रिंग आणि एक पितळी नळी हातात उरली.

“उरली?” जानराव पुढं सरकला. इंजिन त्याला घ्यायचं होतं. “म्हंजे आत बसली नाई?”

“लागतच नोती. विलायतेत वजन वाढवायले टाकतेत. आमी भोपळ्यात मीठ-पानी सोडतो तसं. मी थे काढलं म्हून तं ती एवढी हलकी झाली. आयक पुढं.”

पेट्रोल शेठनं दिलं एक पावशेराची बाटली, तेवढीच, हसत. शेषराव बसला, लाथ मारली, आणि फटफटी अशी गरजली की नाक्यावरचा शिपाई सलाम करून मोकळा झाला. वाऱ्यासारखी गेली. टांगे मागं पडले, पोस्टाची मोटार मागं पडली. चार मैलांवर मात्र ती खोकली आणि बंद झाली. पेट्रोल संपलं होतं. समोर संत्र्यांची बंडी चाललेली. शेषरावनं पंचवीस संत्री घेतली, बसून सगळ्यांची सालं टाकीत पिळली, आणि आतली संत्री बंडीवाल्याला परत दिली. फटफटीनं एकदा ढेकर दिला आणि अशी धावली की मागं सडकभर संत्र्याचा वास. त्या वासाला भुलून पोहऱ्याच्या रानातला एक बिबट तिच्या मागं लागला.

“मागं तरस होता,” नत्थुजी म्हणाला.

“तरसाले संत्रं आवडत नाई. आयक.”

पुढं नाला आला. गावाजवळचा तो नाला, जिथं पावसाळ्यात बंडी चार दिवस रुतून बसते. त्या साली अवकाळी झालेला, नाला काठोकाठ. मागं बिबट, पुढं पाणी. शेषरावनं विचार केला नाही. त्यानं मूठ पिळली, डब्यासकट फटफटी हवेत उठली, आणि खाली पाण्यात त्याला स्वतःची सावली दिसली. त्याच क्षणी गळ्यातला सासऱ्याचा गोफ वाऱ्यानं निसटला आणि पाण्यात गेला. शेषरावला वाईट वाटलं, पण हवेतून मागं कसं फिरणार? फटफटी उतरली ती थेट या आवारात, या कोठ्यापाशी. बिबट नाल्याच्या काठावर बसून पंजा हलवत होता.

मनकर्णाबाई दारात आरती घेऊन उभी होती. गाव जमलं होतं. शेषरावनं खिशातून शेठची पावती काढून उंच धरली. पाचशे तेरा, सही देवीदासशेठ. तेवढ्यात कोठ्यातल्या धवळ्या बैलानं मान लांबवली आणि पावती गिळली. नवी शाई, संत्र्याचा वास, बैलाला काय कळतं. पण गावानं पाहिलं होतं. उरलेले सत्त्याऐंशी रुपये शेषरावनं बायकोच्या ओंजळीत—

इथं तो थांबला. सत्त्याऐंशी रुपये बायकोच्या ओंजळीत टाकल्याचं तो आज पहिल्यांदाच सांगत होता. गोष्ट दर वेळी वाढायची तशी ती आज या बाजूनं वाढली होती, आणि तोंडातून निघून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की ती ओंजळ दहा हातांवर सांभार बांधत बसली आहे.

“माह्या ओंजळीत?” मनकर्णाबाई म्हणाली. तिनं मान वळवली नाही. हातातली जुडी बांधून पूर्ण केली, पाण्यात टाकली, हात पदराला पुसले आणि उठून घरात गेली.

“पानी आनाले गेली,” शेषराव जानरावला म्हणाला. “तं साडेतीनशे. आन उठवाई तुले म्हून दोन करतो.”

“तीनशे देतो,” जानराव म्हणाला. “उठवाई-बिठवाई काई नाई. आत्ताच इसार देतो.” त्यानं खिशात हात घातला. तेल्हाऱ्याच्या माणसाला घाई होती, उद्या सकाळच्या गाडीनं इंजिन घेऊन निघायचं होतं.

मनकर्णाबाई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात हळदीचा पत्र्याचा डबा होता. ती बाजेजवळ येऊन उभी राहिली.

“जानरावभाऊ, जरा थांबा. पैसे खिशात असू द्या. यायनं बिबट सांगतला, थो मी पायला नाई, पन असन. रानात बिबट हायत. फटफटी नाल्यावरून उडाली म्हनतेत, मी घरी होती, उडाली असन. संत्र्याच्या सालानं इंजिन चालते का थे चक्कीवाल्यायनं ठरवावं.” तिनं डब्याचं झाकण काढलं. “पन बैलानं पावती खाल्ली नाई.”

पावती हळदीनं पिवळी झाली होती आणि घड्यांवर फाटायला आली होती. तिनं ती जानरावच्या हातात दिली. जानरावनं उन्हात धरून वाचली.

“सहाशे सत्त्याऐंशी,” तो म्हणाला. “भाडं बावीस, जकात अकरा, उघडाई पाच. सारं हाय. आन मांगं लिवलं हाय, सत्त्याऐंशीपोटी सोन्याचा गोफ एक, तीन तोळे, ठेवून घेतला.”

नत्थुजीनं तंबाखू चोळणं थांबवलं.

“धुवायच्या आधी कोटाच्या खिशात सापडली,” मनकर्णाबाई म्हणाली. “पोरगी शकुन तवा तिसऱ्या वर्गात होती, तिच्याकडून वाचून घेतली. हे दोन दिवस खिसे चाचपत फिरले. तिसऱ्या दिवशी बैलाचं नाव घेतलं. मी म्हनलं, घेऊ दे.”

शेषराव वांग्यांच्या वाफ्यांकडं बघत होता. तिकडं बघण्यासारखं काही नव्हतं.

“मंग गोफ?” नत्थुजीनं विचारलं.

“दोन साल शेवंती इकून सोडवला. मीच गेली होती शेठकडं. शेठनं चा पाजला. म्हनला, बाई, तुमच्या मालकानं दुपारभर भांडन केलं, पट्टी पुढं ठेवून. दारात चार मानसं थांबले होते, थेबी म्हनले हे बरोबर बोलून राहिले. मी म्हनलो, बरोबर हाय, पन इतवाऱ्यात इकनाऱ्याले लागते आन इथं घेनाऱ्याले लागते. म्या इचारलं, शेठ, तुमाले कुठं लागते? तं हासला, आन गोफ सोडवाईचे दोन रुपये वरून घेतले.”

“थो गोफ,” शेषराव हळूच म्हणाला, “हाय कुठं?”

“शकुनच्या लग्नात जावयाच्या गळ्यात घातला थो कोनता होता? इचारलं का कवा?”

“मले वाटलं, तू नवा केला.”

“तुमाले नाल्यात पडलेला वाटला.”

जानरावनं पावतीची घडी काळजीपूर्वक घातली आणि दोन्ही हातांनी परत दिली. खिशातला हात त्यानं केव्हाच बाहेर काढला होता. “बाई, मंग आता इसार कोनाले देऊ?”

“कोनालेच नाई. सहाशाच्यावर रुपया गेला तं फटफटी माही, असं ठरलं होतं. हे अजूनबी गोष्टीत माही अट बरोबर सांगतेत, तुमी आयकलं. सत्त्याऐंशी रुपये वर गेले. बारा वर्सं फटफटी माहीच हाय. हे मले न पुसता चालवत होते, मी बोलली नाई. न पुसता इकाले निघाले म्हून बोलली. लढाई काई जलमभर नाई चालत. पेट्रोल येईन तवा मले डब्यात बसून इतवाऱ्यात जायचं हाय.”

“शबुद न काढता?” नत्थुजी म्हणाला.

“थे सहाशात आली असती तं.”

ती फटफटीकडं गेली. गोणपाट उचलून तिनं डब्यात हात घातला, बारा अंडी एक-एक करून चाचपली. खुडूक कोंबडी चाकाखाली फुरंगटून बसली होती. मनकर्णाबाईनं तिला दोन्ही हातांनी उचललं, अंड्यांवर ठेवलं, पंख नीट केले, वर गोणपाट ओढलं. मग वळून शेषरावसमोर तळहात पसरला.

“तीन रुपये,” ती म्हणाली. “उठवाई.”